वैद्याची प्रकृति आणि वैद्यकाची शाखा

नाशिक शहराच्या उत्तरेस, म्हसरूळच्या बाजूला, दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ सालीं तें स्थापन झालें. अभिमत विद्यापीठें आणि एम्ससारख्या स्वतंत्र संस्था वगळल्या, तर राज्याच्या कोणत्याहि कोपऱ्यांत शिकून डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना आज पदवी मिळते ती ह्या नाशिकच्या विद्यापीठाची. तेव्हां वैद्यकाचा विद्यार्थी पुढें कोणती शाखा घेतो आणि कां घेतो, हा प्रश्न नाशिककरांस परका नाहीं. त्यांतील एकाच अंगाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. शाखा निवडतांना विद्यार्थ्यानें आपल्या स्वभावाचा विचार करावा काय, आणि करावयाचा तर तो कोणत्या रीतीनें?

आपल्याकडील जुना वैद्य नाडी धरण्यापूर्वीं रोग्याची प्रकृति विचारीत असे. स्वतः वैद्याची प्रकृति मात्र कोणीच विचारीत नाहीं. साडेचार वर्षें अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे मुलें जिला इंटर्नशिप म्हणतात ती, संपतां संपतां तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला असा एक निर्णय घ्यावा लागतो कीं, ज्याचें ओझें त्यानें पुढें पस्तीस-चाळीस वर्षें वाहावयाचें असतें. नोकरी बदलतां येते, गांव बदलतां येतें. शाखा बदलणारा डॉक्टर क्वचित्च भेटतो. न मानवणाऱ्या शाखेंत अडकलेला डॉक्टर स्वतः कोमेजतो हें तर खरेंच, पण त्याचा त्रागा अखेर रोग्याच्या वाट्याला येतो. पुरतें ऐकून न घेतां लिहिलेली चिठ्ठी, बाकावर तासभर बसलेल्या म्हातारीवर ओरडणें, सायंकाळीं न घेतलेली एक फेरी, ह्यांचें मूळ पुष्कळदां ज्ञानाच्या उणिवेंत नसून ह्या वैतागांत असतें.

आज ही निवड होते कशी तें पाहूं. पदव्युत्तर प्रवेशासाठीं नीट नांवाची देशव्यापी परीक्षा आहे. दोनशे प्रश्न आणि साडेतीन तास. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तराबद्दल एक गुण वजा. निकालांत क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकाच्या ओळीनें जागा वाटल्या जातात. ओळीच्या पुढच्या टोकास असलेलीं मुलें बहुधा क्ष-किरणशास्त्र, कायचिकित्सा, त्वचारोग अशा शाखा उचलतात. मागच्या टोकास शरीररचनाशास्त्रासारख्या शाखा घ्यावयास माणूस मिळत नाहीं. २०२३ सालीं तर रिकाम्या जागा भराव्या म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खालीं आणावी लागली होती. परीक्षा वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. उमेदवार पुष्कळ आणि हव्याशा जागा थोड्या असतांना सर्वांना सारखी लागू पडणारी एखादी पट्टी हवीच. परंतु ती पट्टी स्मरण आणि वेग ह्या दोन गोष्टी मोजते. रात्रीं तीन वाजतां रक्तस्राव थांबत नसतां ह्या मुलाचे हात स्थिर राहतील काय, किंवा तोच मधुमेहाचा रोगी बाराव्या वेळीं पथ्य मोडून आला असतां ह्याची जीभ गोड राहील काय, हें ती सांगत नाहीं. आणि सांगण्याचा तिचा दावाहि नाहीं. दावा आपणच तिच्या वतीनें करतों.

तो कसा, तें घराघरांतून ऐकूं येतें. "एवढा वरचा नंबर आला आणि मानसोपचार घेतोस? नंबर फुकट जाईल कीं रे!" नंबर म्हणजे जणूं मुदतीचें कूपन, त्याच्या पुऱ्या किंमतीचा माल न उचलला तर दुकानदार हंसेल! मुलाला मानसोपचाराची आवड आहे, त्या विभागांत तो सुटीच्या दिवशींहि जाऊन बसत होता, ह्या गोष्टींना त्या संभाषणांत स्थानच नसतें.

दुसऱ्या बाजूनें कांहीं सुज्ञ माणसें म्हणतात, "नंबर सोडा, स्वभाव पाहा." सल्ला चांगला आहे, पण स्वभाव पाहावयाचा म्हणजे काय, तें ठरलेल्या साच्यांनीं सांगितलें जातें. धीट आणि तापट असेल तर शस्त्रक्रिया, विचारी असेल तर कायचिकित्सा, मुलांत रमणारा असेल तर बालरोग, अबोल असेल तर सूक्ष्मदर्शकापुढें बसवून द्यावा. ही झाली पत्रिका जुळविण्याची तऱ्हा. अमेरिकेंत ह्या कल्पनेची कसून तपासणी झाली आहे. इझाबेल मायर्स ह्या बाईंनीं १९५० नंतरच्या दशकांत पांच हजारांहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपली स्वभावचांचणी देऊन पुढें ते कोणत्या शाखांत गेले ह्याचा माग घेतला. तेव्हांपासून ह्या विषयावर पुष्कळ संशोधन झालें. त्याचा आढावा २००२ सालीं निकोल बोर्जेस आणि मार्क सॅव्हिकस ह्या दोघांनीं घेतला. त्यांतून निघालेला निष्कर्ष माझ्या मतें प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका शाखेच्या डॉक्टरांचा स्वभाव दुसऱ्या शाखेच्या डॉक्टरांहून जेवढा वेगळा असतो, त्याहून अधिक वेगळेपण एकाच शाखेच्या डॉक्टरांत आपापसांत असतें. आणि एका स्वभावाच्या माणसाला शोभतील अशा शाखा एकाहून अधिक असतात. म्हणजे छत्तीस गुण जुळणारी एकच वधू कोठें तरी वाट पाहत आहे, ही समजूत ह्या प्रांतांत तरी खोटी ठरते.

साचे किती फसवे असतात ह्याचें उत्तम उदाहरण मराठी माणसांतच आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्या देशांतील विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य मानले जातात. लंडन विद्यापीठांत शिक्षण घेऊन ते मुंबईस आले, तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं विकृतिशास्त्र शिकविलें, आणि १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सांभाळल्या. विकृतिशास्त्र म्हणजे माणसांकडे पाठ फिरवून कांचेच्या पट्टीकडे तोंड करणाऱ्यांची शाखा, असा समज आहे. पण ह्या गृहस्थांनीं १९४५ सालीं एका सहकाऱ्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता लोकांच्या चालीरीति आणि कर्करोग. धोतर जेथें कमरेला घट्ट कसलें जातें नेमक्या त्याच जागीं कातडीचा कर्करोग होतो. तंबाखू आणि चुना ओठाच्या आंत धरणाऱ्यास तो तेथेंच होतो. चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणाऱ्यास टाळूवर होतो. हें पट्टीवर दिसत नाहीं. माणसें धोतर कसें नेसतात, विडी कशी ओढतात, तंबाखू कोणत्या गालांत धरतात, ह्याचें ज्याला अपार कुतूहल आहे त्यालाच तें सुचतें. अशा माणसाला कोणी तरुणपणीं "तूं माणसांत रमणारा, हें शास्त्र तुझें नव्हे," असें सांगितलें असतें आणि त्यानें तें ऐकलें असतें, तर केवढें नुकसान झालें असतें!

मग स्वभावांत पाहावयाचें तरी काय? बोलका कीं अबोल, धीट कीं भित्रा, हे भेद मी बाजूला ठेवतों. मला महत्त्वाच्या वाटतात त्या गोष्टी जरा आडवाटेच्या आहेत.

आपल्या कामाचें फळ डोळ्यांनीं पाहण्यासाठीं हा माणूस किती थांबूं शकतो, ही त्यांतील पहिली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली कीं दुसऱ्या दिवशीं पट्टी निघते, आणि आजीबाई समोरच्या नातवाला नांवानें हांक मारतात. मोडलेलें हाड कांहीं आठवड्यांत सांधतें आणि क्ष-किरणाच्या चित्रांत तें दाखवितां येतें. उलट मधुमेह आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या डॉक्टराचें यश म्हणजे कांहींहि न घडणें होय. वीस वर्षें रोग्याचा पाय शाबूत राहिला, मूत्रपिंड टिकलें, पक्षाघात आला नाहीं. ह्याबद्दल पेढे घेऊन कोणी येत नाहीं. मानसोपचारांत तर बरा झालेला रोगी औषध सोडून पुन्हां पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि डॉक्टरानें कपाळाला आठी न घालतां पुन्हां आरंभ करावयाचा असतो. ज्याला संध्याकाळपर्यंत कांहीं तरी पुरें झाल्याशिवाय चैन पडत नाहीं, त्यानें ह्या वाटेला जाण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. त्या चैन न पडण्यांत कमीपणा कांहींच नाहीं; शस्त्रक्रियागृहांत तोच गुण ठरतो.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. तापाचा चवथा दिवस आहे, तपासण्यांचे निकाल यावयाचे आहेत, नातेवाईक दाराशीं उभे आहेत. "अजून ठाऊक नाहीं, उद्यां पाहूं," हें वाक्य शांतपणें उच्चारणें कायचिकित्सकाला रोजचें असतें. अपघात-विभागांत तेंहि म्हणावयास सवड नसते. अर्धवट माहितीवर दोन मिनिटांत हात चालवावा लागतो. क्ष-किरणतज्ज्ञाला वेळ मिळतो खरा, परंतु शंभर चित्रांपैकीं एका चित्रांतील हरभऱ्याएवढी सावली त्याच्या नजरेंतून सुटली, तर ती कोणाच्या नजरेंतून सुटली हें कागदावर कायमचें राहतें. कांहीं माणसें निर्णय घेतल्यानंतर रात्रभर तोच चघळीत बसतात. त्यांना लोक भित्रीं म्हणतात. मला मात्र अशीं माणसें भूलशास्त्रांत फार उपयोगी पडलेलीं दिसतात. नळी दोनदां तपासणें, औषधाची मात्रा पुन्हां वाचणें, सारें सुरळीत चाललें असतांहि तास-दोन तास पडद्यावरच्या रेषेवरून दृष्टि न हलविणें, आणि मग एकाएकीं आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या संकटाला तयार असणें, हें त्या शाखेचें स्वरूप आहे. रोग्याला शस्त्रवैद्याचें नांव जन्मभर आठवतें. भूल देणाऱ्याचें नांव तो घरीं पोंचण्यापूर्वींच विसरतो. हें ज्याला टोंचत राहील त्याच्यासाठीं ती शाखा नव्हे.

माणसांशीं संबंध कोणत्या प्रकारचा हवा, हेंहि पाहावें. बालरोग घेणाऱ्या मुली-मुलांना मी नेहमीं विचारतों, लहान मुलें आवडतात हें ठीक, पण त्यांच्या आज्या आवडतात काय? कारण तेथें रोगी बोलत नाहीं. आई बोलते, आजी बोलते, आणि शेजारच्या काकूहि बोलतात. निदान त्या तिघींच्या साक्षीतून काढावयाचें असतें.

राहतां राहिली झोंप. हातांचें कसब सरावानें येतें. पहिल्या महिन्यांत टाका नीट बसत नाहीं म्हणून कोणी शस्त्रक्रियेची आशा सोडूं नये. परंतु मोडलेली झोंप सोसण्याची शक्ति शरीराची असते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाहीं. प्रसूतीला घड्याळ नसतें. पन्नाशींत पोंचलेल्या प्रसूतितज्ज्ञालाहि पहाटे उठावें लागतें, हें पंचविसाव्या वर्षीं कोणी हिशेबांत घेत नाहीं.

ह्या सर्व गोष्टी पारखावयाच्या त्या शाखेच्या सणावारीं नव्हे, तर साध्या मंगळवारच्या दुपारीं. एखादी दुर्मिळ शस्त्रक्रिया पाहून त्या शाखेच्या प्रेमांत पडणें म्हणजे वरातीवरून संसाराची कल्पना करण्यासारखें आहे. अशी पारख करण्यासाठीं आपल्या शिक्षणक्रमांत एक वर्ष मुद्दाम ठेवलेलें आहे, आणि दुःखाची गोष्ट अशी कीं, तेंच वाया जातें. आंतरवासितेचें वर्ष निरनिराळ्या विभागांत फिरण्याचें. कांहीं विभागांना दोन आठवड्यांहून अधिक मिळत नाहींत. पण डोळे उघडे असतील तर दोन आठवडेहि थोडे नाहींत. प्रत्यक्षांत काय होतें? नीटची तलवार डोक्यावर असते. मुलगा हजेरीची सही करतो आणि अभ्यासिकेंत जाऊन बसतो. ज्या शाखा निवडावयाच्या त्या पाहण्याचा काळ त्या मिळविण्याच्या धडपडींत संपतो. मी मुलांना दोष देत नाहीं. परीक्षेची वेळच अशी ठेवलेली आहे. तथापि रोजच्या अर्ध्या तासाची एक वही त्यांनीं ठेवावी असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. कोणता विषय आवडला हें तींत लिहूं नये. कोणत्या कामांत आपण घड्याळाकडे पाहिलें, आणि कोणत्या रोग्याला पाळी संपल्यावरहि पुन्हां जाऊन पाहिलें, एवढेंच लिहावें.

ग्रामीण भागांतील नेमणूक तर बहुतेकांना शिक्षा वाटते. आपल्या जिल्ह्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांत पावसाळ्यांत काढलेले दोन महिने महाविद्यालयांतील वर्षाएवढें शिकवूं शकतात. कारण तेथें पाठीशीं दुसरा तज्ज्ञ नसतो, आणि माणसाला आपण कोण आहों हें अशाच वेळीं कळतें. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले. कोंकणांत तांबड्या विंचवाच्या दंशानें धडधाकट मुलें डोळ्यांदेखत दगावत. इतरांनीं तें नशीब म्हणून सोडलें. बावस्कर खाटेशेजारीं रात्रभर बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास ह्यांची टिपणें ठेवीत. १९८२ सालीं त्यांचें निरीक्षण लॅन्सेट ह्या विख्यात नियतकालिकांत छापून आलें. ते पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयांतून कायचिकित्सेंत एम्. डी. झाले, महाडला परतले, आणि रक्तदाबावरील प्रॅझोसिन ह्या औषधाचा उपयोग ह्या दंशावर करून त्यांनीं पूर्वीं शेंकडा चाळिसाच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आणलें. त्यांना शाखा क्रमांकाच्या यादींत सांपडली नाहीं. ती बिरवाडीच्या खाटेवर सांपडली.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गांठ आहे. "त्वचारोग घे, नेत्ररोग घे, घर सांभाळून करतां येईल. हाडांचें काम बायकांचें नव्हे." हा स्वभावाचा विचार नसून सासरचा विचार आहे, आणि तो आईच्या तोंडून आला तरी त्याचा अर्थ बदलत नाहीं. आनंदीबाई जोशी ह्यांचें उदाहरण घ्या. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. त्यांनीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांतून १८८६ सालीं पदवी घेतली, आणि प्रबंधासाठीं विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ती निवड सोयीची नव्हती. जें दुःख त्यांनीं स्वतः भोगलें त्याच्या मुळाशीं जाण्याची ती ओढ होती. पुढच्याच वर्षीं क्षयानें त्या गेल्या, त्यामुळें ती ओढ कोठपर्यंत गेली असती हें आपणांस पाहावयास मिळालें नाहीं.

वडिलांचें रुग्णालय तयार आहे म्हणून वडिलांचीच शाखा, हाहि प्रकार शहरांत सर्रास दिसतो. त्यांत लाभ उघड आहे आणि मी त्याची निंदा करणार नाहीं. फक्त वडिलांनीं एक करावें. मुलाला आपलें रुग्णालय दाखविण्याऐवजीं आपला दिनक्रम दाखवावा, आणि त्यांतील कोणता भाग आपल्याला अजूनहि नकोसा वाटतो तें खरें खरें सांगावें.

इच्छित शाखा क्रमांकामुळें हुकली तर? पुन्हां एकदां परीक्षेस बसणें मला गैर वाटत नाहीं. तिसऱ्यांदा आणि चवथ्यांदा बसून उमेदीचीं वर्षें घालविणें मात्र मला पटत नाहीं. एका स्वभावाला अनेक शाखा शोभतात हें मघां सांगितलें, त्याचा उपयोग येथें होतो. कायचिकित्सा हवी होती ती कोड्यासारखें निदान सोडविण्याच्या आवडीसाठीं असेल, तर विकृतिशास्त्रांत आणि क्ष-किरणशास्त्रांत तेंच सुख आहे. ती रोग्याशीं वर्षानुवर्षांचें नातें जडावें म्हणून हवी असेल, तर मानसोपचार आणि क्षयरोग-श्वसनविकार ह्या शाखा तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून हुकलेल्या शाखेचें नांव सोडून तिच्यांतील नेमकें काय हवें होतें, तें आधीं कागदावर लिहून काढावें. शिवाय शाखेच्या पाटीपाशीं काम संपत नाहीं. गडचिरोलींत १९८६ पासून काम करणाऱ्या बंग दांपत्यापैकीं डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनीं रुग्णालयांत रोगी येण्याची वाट न पाहतां दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रिया तपासल्या, आणि त्यांपैकीं शेंकडा ब्याण्णव जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचें १९८९ सालीं जगापुढें मांडलें. डॉ. अभय बंग ह्यांची पदवी कायचिकित्सेची. पण १९९९ सालीं त्यांनीं एकोणचाळीस गांवांतून सिद्ध करून दाखविलें तें नवजात बालकांना घरच्या घरीं कसें वांचवावें हें.

प्रवेशाच्या फेरींत पसंतिक्रम भरण्याची मुदत फार थोडी असते, आणि घरांत त्या दिवसांत फोनवरून सर्व नात्यांतील सल्ला येत असतो. त्यापूर्वींच मुलानें मनांतल्या दोन-तीन विभागांत प्रत्येकीं दोन दिवस जाऊन बसावें. प्राध्यापकांना भेटावें, पण त्याहून अधिक वेळ दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टराजवळ काढावा. पहिल्या वर्षाचा फार थकलेला असतो आणि तिसऱ्या वर्षाचा पुढच्या परीक्षेंत गुंतलेला असतो. कोणतें काम रोज टाळावेंसें वाटतें, हें त्याला विचारावें. रात्रीं दोन वाजतां तो जेवतो कोठें आणि कोणाबरोबर, हेंहि पाहून यावें.